वेळेवरची एक फुंकर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ज्याचे आयुष्य नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला गेले त्याला अपघाताचा आवाज ओळखता येतो. टायर फुटला तर एक आवाज, उसाची ट्रॉली कलंडली तर दुसरा, आणि गाडीवर गाडी आदळली तर तिसराच. आवाज झाला की माणसे धावतात. ढाब्यावरची पोरे सगळ्यात आधी पोचतात. कुणी पाण्याचा जग आणतो, कुणी पहार आणतो, कुणी मोबाइल वर करून चित्र काढत उभा राहतो. आणि या गर्दीतून पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "ड्रायव्हर पिऊन होता."

हे वाक्य पुष्कळदा खरे असते. काही वेळा खोटेही असते. खरे की खोटे ते ठरवायला आज एक साधे यंत्र आहे. तळहातात मावते, त्याच्या नळीत फुंकर मारायची, मिनिटभरात आकडा समोर येतो. यालाच आपण ब्रेथ अॅनालायझर म्हणतो. आज त्याच्याबद्दल बोलायचे आहे; पण नाकाबंदीत, एकतीस डिसेंबरच्या रात्री जे दिसते त्या यंत्राबद्दल नाही. अपघात होऊन गेल्यावर, माणूस मेल्यावर किंवा जन्माचा अधू झाल्यावर, त्या यंत्राची जी गरज असते आणि नेमके तेव्हाच जे वेळेवर पोचत नाही, त्याबद्दल.

मी कवी माणूस. मराठी घेऊन बी. ए. झालो. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला. तरी या विषयाच्या मागे लागलो त्याला कारण माझे खालू, म्हणजे मावशीचे यजमान.

खालू ट्रक चालवत. १९९४ सालची गोष्ट. जिल्ह्याच्या हद्दीवरच्या एका घाटात रात्री अकराच्या सुमारास त्यांचा ट्रक समोरून आलेल्या टेम्पोला घासून कठड्यावर गेला. टेम्पोतला एक जण गेला. खालूंचे डोके स्टिअरिंगवर आणि मग काचेवर आदळले. क्लीनर शेजारी बसला होता, त्याच्या पिशवीत देशीची बाटली होती. ती फुटली आणि अर्धी त्याच्या अंगावर, अर्धी खालूंच्या सदऱ्यावर सांडली. लोकांनी खालूंना बाहेर ओढले तेव्हा ते उभे राहत आणि पुन्हा बसत. बोलायला जात आणि जीभ जड होई. अंगाला दारूचा भपका. मग काय, निकाल जागेवरच लागला. त्यांना थोडे बुकलण्यात आले आणि मग एका रुग्णालयात नेण्यात आले. तिथल्या कागदावर चार ओळी लिहिल्या गेल्या. तोंडाला दारूचा वास, चाल डळमळीत, बोलणे असंबद्ध, बाहुल्या मोठ्या. "उतरली की बोलेल," असे म्हणून त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर झोपवले.

मी पहाटे तिथे पोचलो तेव्हा ते अर्धवट शुद्धीत होते. मला पाहून म्हणाले, "बेटा, मैं पिया नै." तेवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. डोक्यात आतून रक्तस्राव झाला होता. धावाधाव करून पुण्याला हलवले. ते वाचले, पण उजवा हात पूर्वीसारखा राहिला नाही आणि ट्रक कायमचा सुटला.

त्या रात्री त्यांच्या नाकापाशी कुणी यंत्र धरले नाही. रक्तही घेतले नाही. त्यामुळे ते प्यायले होते हे कुणाला सिद्ध करता आले नाही, आणि प्यायले नव्हते हे आम्हालाही सिद्ध करता आले नाही. खटला चालला, सुटले. पण गल्लीत आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ते दारू पिऊन माणूस मारणारे ड्रायव्हरच राहिले. ज्या घरात आयुष्यात बाटली आली नाही त्या घराला हे सोसावे लागले. मी त्यांचा भाचा, तेव्हा मी असे म्हणणारच, असे कुणी म्हणाले तर माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर देऊ शकले असते ते यंत्र, आणि तेही त्या रात्री बारापर्यंतच.

पुढे कित्येक वर्षांनी एका वकील मित्राने मला सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा एक निकाल दाखवला. खटला महाराष्ट्रातलाच, बचूभाई हसनअली कारयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात न्यायालयाने म्हटले आहे की, तोंडाला दारूचा वास येत होता, चाल डळमळीत होती, बोलणे असंबद्ध होते आणि बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असा निष्कर्ष काढता येत नाही. मी ते वाचून थक्क झालो. खालूंच्या कागदावरच्या त्याच चार ओळी, त्याच क्रमाने! आणि त्या कागदाच्या तेवीस वर्षे आधीच देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाने त्या अपुऱ्या ठरवल्या होत्या.

डोक्याला मार लागलेला माणूस आणि प्यायलेला माणूस वरवर सारखेच दिसतात. साखर एकदम उतरलेला मधुमेहीसुद्धा तसाच झोकांड्या खातो. साखर फार वाढली तर काहींच्या श्वासाला आंबूस-गोड वास येतो, तो अॅसिटोनचा. नवख्या नाकाला तो दारूचा वाटतो. माणसाच्या नाकावर भरवसा ठेवला तर असे घोटाळे होतात, म्हणून यंत्र.

आता हे यंत्र करते काय? दारू पोटात गेली की पोटातून आणि मुख्यतः लहान आतड्यातून ती रक्तात उतरते. रक्त फुप्फुसात जाते. तिथे हवेचे लाखो बारीक फुगे आणि त्यांच्याभोवती रक्ताच्या केसाहून बारीक नळ्या. रक्तातली थोडी दारू वाफ होऊन त्या हवेत शिरते. द्रवात विरघळलेला वायू आणि त्यावरची हवा यांचे प्रमाण ठरलेले असते, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडला होता. बिचाऱ्याच्या डोक्यात दारुडे ड्रायव्हर नव्हते. त्या नियमावरून आज हिशेब असा धरतात की, फुप्फुसाच्या खोलातल्या २१०० मिलिलिटर हवेत जेवढी दारू असते तेवढीच १ मिलिलिटर रक्तात असते. बहुतेक माणसांत प्रत्यक्षातले प्रमाण २१०० पेक्षा थोडे जास्तच असते, त्यामुळे यंत्र दाखवते तो आकडा रक्तातल्या आकड्यापेक्षा किंचित कमीच येतो. म्हणजे चूक झालीच तर ती सहसा चालकाच्या बाजूने होते.

"जोरात फुंका, फुंकत राहा, थांबू नका," असे हवालदार का ओरडतो ते यातून कळेल. सुरुवातीची हवा तोंडातली आणि घशातली असते. यंत्राला हवी असते शेवटची, खोलातली. आणि याच कारणाने कांदा खाऊन, वेलदोडा चघळून किंवा पानाचा तोबरा भरून यंत्राला फसवता येत नाही, मग तो कांदा नेप्तीच्या मार्केटातला का असेना. उलट एक काळजी पोलिसांनी घ्यायची असते. माणसाने नुकताच घोट घेतला असेल, नुकतीच उलटी झाली असेल किंवा दारू असलेल्या औषधाने चूळ भरली असेल तर तोंडातली दारू यंत्रात जाते आणि आकडा फुगतो. म्हणून पंधरा मिनिटे थांबून फुंकर घ्यावी, असा संकेत आहे. खालूंच्या सदऱ्यावरची देशी मात्र यंत्राने मोजली नसती. सदरा फुंकत नाही, फुप्फुस फुंकते.

अमेरिकेत इंडियाना राज्यात रोला हार्गर नावाच्या प्राध्यापकाने १९३० च्या दशकात पहिले चालते यंत्र बनवले. त्यात फुग्यात फुंकर मारावी लागे. त्याच राज्याच्या पोलीस प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये सुटसुटीत यंत्र केले. आत पिवळट नारिंगी रंगाचे पोटॅशियम डायक्रोमेट असे. श्वासात दारू असली की ते हिरवट होई. हिरवेपणा किती, त्यावरून दारू किती. आजच्या यंत्रात रंग नाही, छोटा विद्युतघट असतो. दारूची वाफ त्यावर आली की बारीकसा वीजप्रवाह निर्माण होतो आणि तो मोजला जातो. मधुमेह्याच्या अॅसिटोनला हा घट सहसा दाद देत नाही.

पण विज्ञानाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे आहे, आणि तो घड्याळाचा आहे. प्यायलेली दारू शरीर साठवून ठेवत नाही. यकृत ती जाळत राहते, आणि जवळजवळ ठरलेल्या वेगाने. १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम. कुणाचे १०, कुणाचे २० किंवा थोडे अधिक. काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबू-मीठ यांनी हा वेग वाढत नाही. माणूस जागा असो, झोपलेला असो, रडत असो की पोलीस ठाण्यात बाकावर बसून मोबाइलवर वकिलाशी बोलत असो, यकृत आपले काम करत असते.

आता गणित करा. एका चालकाच्या रक्तात रात्री दोन वाजता, धडक झाली तेव्हा, ११० मिलिग्रॅम दारू होती. आपल्या कायद्याची मर्यादा ३०. म्हणजे जवळजवळ चौपट. सकाळी आठ वाजता त्याचे रक्त घेतले. सहा तास गुणिले पंधरा म्हणजे नव्वद गेले. उरले २०. कागदावर तो माणूस मर्यादेच्या आत! मागे जाऊन हिशेब करता येतो, असे कुणी म्हणेल. येतो, पण ताशी १० धरले तर मूळ आकडा ८० निघतो आणि २० धरले तर १४०. बचावाचा वकील विचारणार, माझ्या अशिलाचा वेग कोणता हे तुम्हाला कसे कळले? आणि शेवटचा पेला अपघाताच्या जरा आधी घेतला असेल तर त्या वेळी दारू चढतीवर होती की उतरणीवर, हा आणखी वेगळा घोळ. हा सगळा वाद टाळायचा एकच उपाय, आकडा लवकर घेणे.

लवकर घेतलेल्या आणि टिकलेल्या आकड्याला काय किंमत असते ते मुंबईच्या कार्टर रोडच्या खटल्यात दिसले. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालक अॅलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम, दारू निघाली. हा आकडा शेवटपर्यंत टिकला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. तीन वर्षांचीच, पण निष्काळजीपणाच्या नव्हे, मनुष्यवधाच्या कलमाखाली.

दुसरे उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. २८ सप्टेंबर २००२, वांद्रे, अभिनेता सलमान खान याची गाडी बेकरीच्या पायऱ्यांवर झोपलेल्यांवर गेली, एक जण मेला, चौघे जखमी झाले. रक्त त्याच दिवशी दुपारी जे. जे. रुग्णालयात घेतले गेले. अहवाल आला ६२ मिलिग्रॅमचा. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १० डिसेंबरला पुरावा अपुरा म्हणून निर्दोष सोडले. त्या निकालात रक्ताच्या नमुन्याचा प्रवास नीट शाबीत झाला नाही, हाही एक मुद्दा होता. तो खरोखर प्यायला होता की नव्हता, गाडी कोण चालवत होते, यावर चहाच्या टपरीवर आजही दोन तट पडतात. मला त्यात पडायचे नाही. मला एवढेच दिसते की, तेरा वर्षे सारा देश एका बाटलीतल्या काही मिलिलिटर रक्ताबद्दल भांडत होता, आणि त्या रात्रीच्या पहिल्या तासातली एक फुंकर कुणाकडे नव्हती.

आणि मग पुणे. १९ मे २०२४, कल्याणीनगर, पहाटे अडीचच्या सुमारास भरधाव पोर्श गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले, दोघेही मेले. चालक सतरा वर्षांचा मुलगा. त्याला पंधरा तासांत जामीन मिळाला, तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीसह. निबंधाचे सगळ्या देशाने ऐकले. त्याहून मोठी गोष्ट रक्ताची होती. ससूनमध्ये त्याचे रक्त घेतले गेले ते सकाळी, अपघाताला कित्येक तास उलटल्यावर. पोलिसांना संशय आला म्हणून त्यांनी संध्याकाळी औंधच्या जिल्हा रुग्णालयात दुसरा नमुना घेतला आणि दोन्हींची डीएनए तपासणी केली. औंधचे रक्त मुलाच्या वडिलांशी जुळले, ससूनचे जुळले नाही. बाटलीत रक्तच दुसऱ्याचे होते! ते मुलाच्या आईचे होते, असा पोलिसांचा आरोप आहे. दोन डॉक्टरांना अटक झाली, पुढे आई-वडिलांनाही. कोण दोषी ते न्यायालय ठरवील. पण संध्याकाळच्या त्या दुसऱ्या नमुन्याने रक्त कुणाचे ते सांगितले. दारू किती होती ते सांगायला फार उशीर झाला होता. प्यायल्याचा पुरावा म्हणून पोलिसांना बारमधले कॅमेरे आणि बिले गोळा करावी लागली.

पाठोपाठ ७ जुलै २०२४ ला वरळीत बीएमडब्ल्यूने मासळी घेऊन चाललेल्या दाम्पत्याला धडक दिली, बाई गेल्या. चालक पळाला तो दोन दिवसांनी सापडला. तोवर रक्तात शोधायचे काय?

बाटली बदलता येते. फुंकर बदलणे अवघड. माणूस समोर उभा असतो, आकडा यंत्रात तारखेसह, वेळेसह नोंदला जातो, कागदाची पट्टी बाहेर येते. रक्ताची परीक्षा अधिक अचूक असते यात वाद नाही, पण तिला पायऱ्या फार. टोचताना त्वचेला स्पिरिट लावायचे नाही, नाहीतर तेच रक्तात उतरल्याचा आक्षेप येतो. बाटलीत रक्त गोठू नये म्हणून एक रसायन आणि सडू नये म्हणून दुसरे, सोडियम फ्लोराइड, घालावे लागते. नाहीतर आपल्या उन्हाळ्यात नमुन्यातच जंतू वाढून दारू तयार होऊ शकते. मग सील, चिठ्ठी, सही, शिपायाबरोबर न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवानगी, आणि मग वाट बघा. या साखळीतली एक कडी निसटली की सगळे गेले. म्हणून फुंकर आधी आणि रक्त नंतर, दोन्ही हवे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम १८५ म्हणते, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवणे गुन्हा. पूर्वी हे ब्रेथ अॅनालायझरनेच दिसायला हवे होते. २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेची तपासणीही धरली आणि दंड पहिल्या वेळी दोन हजारांवरून दहा हजारांवर नेला. कलम २०३ फुंकरीचे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात अपघाताचा स्वतंत्र विचार केला आहे. अपघातात सापडलेला चालक रुग्णालयात दाखल असला तरी तिथे जाऊन त्याचा श्वास घेता येतो. फक्त त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे लागते, आणि उपचारात बाधा येईल असे म्हणून त्यांनी हरकत घेतली तर थांबावे लागते. हे योग्यच आहे, जीव आधी. चालकाने फुंकायला नकार दिला तर अटक होऊ शकते आणि कलम २०४ प्रमाणे रक्त मागता येते. सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो त्याच्याविरुद्ध धरला जातो, हे कलम २०५.

वाचायला सारे ठीक वाटते. पण दोन शब्दांपाशी मी अडतो. एक, "मागू शकतो". मागितलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. दुसरा, "संशयाला वाजवी कारण असेल तर". म्हणजे आधी हवालदाराच्या नाकाला संशय यायला हवा, मग यंत्र बाहेर निघणार. ज्या नाकावर भरवसा नको म्हणून यंत्र आणले, त्या नाकाच्याच परवानगीने ते चालायचे! गाडी मोठी असली, फोन वरून आला, तर नाक चोंदू शकते. आणि सदऱ्यावर देशी सांडलेली असली तर यंत्राची गरजच वाटत नाही.

घड्याळाचा उल्लेख कायद्यात आहे, नाही असे नाही. कलम २०२ म्हणते, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल जागीच अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हावी, नाहीतर त्याला सोडावे. अटकेपासून, अपघातापासून नाही. यकृताचे घड्याळ मात्र अटकेची वाट पाहत नाही.

इंग्लंडने १९६७ मध्ये बार्बरा कॅसल या परिवहन मंत्री असताना रस्त्यावरची फुंकर सुरू केली. त्या कायद्यात अपघात झाला असेल तर दारूच्या संशयाची अट नव्हती. हा माणूस गाडी चालवत होता असे गणवेशातल्या पोलिसाला वाटणे पुरेसे होते. आजही तिथे तसेच आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७४ मध्ये रस्ता अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या प्रत्येक प्रौढाचे रक्त तपासणे सक्तीचे केले, मग तो कुणाचा कोण का असेना. सगळ्यांचेच घ्यायचे म्हटल्यावर डॉक्टरला कुणाचे घ्यायचे हे ठरवावे लागत नाही, आणि कुणाचा फोन आला तरी त्याच्याकडे सांगायला कारण असते. मला वाटते आपल्याकडे निदान जिथे माणूस मेला किंवा गंभीर जखमी झाला तिथे प्रत्येक चालकाची फुंकर, संशय असो नसो, पहिल्या तासात घेतलीच पाहिजे असा नियम हवा. ट्रकवाल्याची, मोटारवाल्याची, मोटारसायकलवाल्याचीही. यात चालकाचा अपमान होतो असे काही जण म्हणतील. खालूंचा अपमान फुंकर घेतली नाही म्हणून झाला.

आपल्या जिल्ह्यात हे किती कठीण ते मला माहीत आहे. अकोल्याचा डोंगर एका टोकाला आणि जामखेड दुसऱ्या टोकाला, क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा जिल्हा. अपघात झाला की पहिल्यांदा हद्दीचा प्रश्न, मग वाहतूक मोकळी करायची, क्रेन बोलवायची, जखमींना गाडीत घालायचे, जमावाच्या तावडीतून ड्रायव्हर सोडवायचा. दोन पोलीस आणि समोर दोनशे माणसे. त्यात यंत्र ठाण्यात कपाटात, किल्ली एकाकडे. यंत्राची तपासणीही ठरलेल्या मुदतीत करून दाखला घ्यावा लागतो, नाहीतर न्यायालयात पहिला प्रश्न तोच येतो. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून नाकाबंदीत फुंकरीची मोहीम धरली, ती लोकांना ठाऊक झाली. पण नाकाबंदीचे यंत्र रस्त्यावर आणि अपघाताचा पंचनामा ठाण्यात, अशी फाळणी अजून जागोजाग आहे. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, काचेचे तुकडे, सगळे लिहिले जाते. चालकाच्या श्वासाचा आकडा आणि तो किती वाजता घेतला, या दोन रकान्यांची भर घालायला किती शाई लागेल?

आणि हे केवळ शिक्षेपुरते नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर विम्याचा एक दावा होता. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ झालेला अपघात, तीही गाडी योगायोगाने पोर्शच. श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेली नव्हती, डॉक्टरच्या कागदावर वास असल्याची नोंद तेवढी होती. न्यायालयाने म्हटले, यंत्राचा आकडा नसला तरी विमा कंपनी इतर परिस्थितीवरून चालक दारूच्या अमलाखाली होता हे दाखवू शकते; आणि कंपनी जिंकली. त्या खटल्यात ते बरोबर असेल. पण ते वाचताना मला आमच्या कागदावरचा 'वास' आठवला. आकडा नसलेल्या जागेत असा एखादा शब्द येऊन बसतो.

गेल्या वर्षी रात्री कल्याण रोडने परत येत होतो. कवितेचा कार्यक्रम आटोपून, उशीर झालेला. नाकाबंदीत गाडी थांबवली. हवालदार तरुण होता. "काका, जरा फुंका," म्हणाला. मी फुंकलो. पडद्यावर तीन शून्ये आली. त्याने नळी काढून टाकायला हात उचलला, तर मी ती मागून घेतली. त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू आकडा पुन्हा तपासावा लागेल.

खालू आता पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. दुसऱ्या दिवशी ती पांढरी नळी त्यांच्या हातात दिली आणि कशाची ते सांगितले. त्यांनी ती डाव्या हाताने उलटसुलट करून पाहिली, मग तोंडाला लावली आणि बराच वेळ, दम संपेपर्यंत फुंकत राहिले.